सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे पेटण्याजोगे मिश्रण पोचले पाहिजे. ते मिश्रण नीट दाबले गेले पाहिजे. आणि दाब भरात असतानाच प्लगवर ठिणगी पडली पाहिजे. चालत्या इंजिनात यांपैकी एखादी थोडी उणी असली तरी बाकीच्या तिला सांभाळून घेतात. सुरू होण्याच्या क्षणी मात्र चारही आपापल्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत असतात. बॅटरीतला बराच करंट सेल्फ खात असतो, म्हणून कॉइलला व्होल्टेज कमी मिळते. इंजिन मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे घेत असते, म्हणून कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या हवेला ओढ नसते. धातू थंड असल्याने पेट्रोलची वाफ होत नाही, आणि पिस्टन संथ चालल्याने दाबलेली हवा कडेने निसटायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे दिवसभर बिनतक्रार धावणारी गाडी सकाळी दहा मिनिटे रडते, यात विसंगती काहीच नाही. झिजलेले इंजिन आपली झीज सर्वांत आधी सुरू होतानाच दाखवते.

हे समजून घ्यायला प्रीमियर पद्मिनीइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागली, १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घेतले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. घरगुती गाड्या मात्र अजून कितीतरी जणांनी जपल्या आहेत. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर. संगणक नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडले की जे आहे ते समोर दिसते आणि प्रत्येक भाग साध्या पान्याने सुटतो. म्हणूनच ती शिकवायला बरी.

आधी कान, मग पाना

मुरलेला मिस्त्री गाडीजवळ आल्याआल्या पाना उचलत नाही. मालकाला तो किल्ली फिरवायला सांगतो आणि ऐकत उभा राहतो. मग विचारतो: थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे काम होते, कारण थंड गाडीचा आजार आणि गरम गाडीचा आजार हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची औषधे तर कित्येकदा एकमेकांच्या उलट असतात.

आवाजाचे तीन प्रकार. किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक' होऊन सारे शांत होत असेल, तर दोष बॅटरी, तिच्या तारा, सोलेनॉइड किंवा सेल्फ यांत आहे. पेट्रोल आणि प्लग यांच्याकडे पाहण्यात अर्थ नाही. सेल्फ मरगळल्यासारखा फिरत असेल तर करंट वाटेत अडतो आहे किंवा बॅटरीच रिकामी आहे. आणि सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन साधे भुरभुरतसुद्धा नसेल, तर शोध ठिणगी, पेट्रोल आणि दाब यांकडे वळतो. याच क्रमाने जायचे, कारण ठिणगी तपासायला दोन मिनिटे लागतात, पेट्रोल तपासायला पाच आणि दाब मोजायला चारही प्लग काढावे लागतात. हा क्रम सोडून आधी कार्ब्युरेटर खोलणारे पुष्कळ आहेत. दोष प्लगच्या तारेत असतो, कार्ब्युरेटरची मात्र उगीच दशा होते, आणि मूळ बिघाडावर एक नवा बिघाड चढतो.

बॅटरीपासून सेल्फपर्यंत

पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना साडेबारा व्होल्टच्या किंचित वर दाखवते. सेल्फ फिरत असताना ती दहाच्या आसपास टिकली तर ठीक. नऊच्या खाली घसरत असेल तर ती सेल्फ कशीबशी फिरवेलही, पण कॉइलला पुरेसे काही उरणार नाही. अशा गाडीला धक्का मारला की ती लगेच सुरू होते. धक्क्याने सुरू होते आणि सेल्फने होत नाही, ही खूण फार मोलाची: पेट्रोल, प्लग, दाब सारे जागेवर आहे, तुटवडा करंटचा आहे.

पण नवी बॅटरी आणण्यापूर्वी तारा पाहाव्या लागतात. टर्मिनलवर जमलेली हिरवट-पांढरी बुरशी करंटची वाट अडवते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुतली, तार आणि टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत केले आणि वरून व्हॅसलीन लावले की कित्येक 'मेलेल्या' बॅटऱ्या उठून बसतात. मल्टिमीटर असेल तर त्याचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर, दुसरे तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारावा. तिथे काटा हललाच नाही पाहिजे. अर्धा व्होल्टही दिसला तर तो सांधा करंट खातो आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. पावसापाण्याने ती गंजते, कधी गिअरबॉक्स उतरवताना काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा प्रचंड करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट अनेकदा चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागत असेल, तर दुसरा पुरावा लागत नाही.

ठिणगीचा माग

बारा व्होल्टच्या करंटमधून प्लगवर पंधरा-वीस हजार व्होल्टची ठिणगी पाडायची, हे काम जुन्या गाडीत कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर मिळून करतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यांतून करंट वाहतो आणि तिच्यात चुंबकत्व साठते. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरून पॉइंट उघडतो, करंट झटकन तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि त्या कोसळण्यातून बारीक वेटोळ्यांत उच्च दाबाचा करंट जन्मतो. 'झटकन' हा शब्द इथे कळीचा. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारून वाहतच राहू पाहतो. त्याला क्षणभर स्वतःत सामावून घेऊन ती उडी रोखण्याचे काम बोटाएवढा कंडेन्सर करतो. तो कमजोर झाला की पॉइंटच्या टोकांवर ठिणग्या नाचतात, एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा तयार होतो आणि प्लगवरची ठिणगी पिवळट, बारीक होते. जळके पॉइंट बदलून जुना कंडेन्सर तसाच ठेवला, तर नवे पॉइंटही त्याच वाटेने जातात.

तपासण्याची रीत सोपी आहे. एक प्लग काढायचा, तो परत त्याच्या तारेत खोवायचा, त्याचा आट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. प्लगच्या भोकापासून तो लांब धरलेला बरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. 'चट्' असा आवाज करणारी निळी, जाड ठिणगी म्हणजे करंट चांगला. मात्र उघड्या हवेत पडलेली ठिणगी सिलिंडरच्या आत पडेलच असे नाही. दाबलेल्या हवेतून फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून बाहेर जेमतेम दिसणारी ठिणगी आत नापासच धरावी.

पॉइंटची फट सुमारे ०.४५ मिलिमीटर आणि प्लगची सुमारे ०.६ मिलिमीटर, हे आकडे फीलर गेजने मोजण्याचे आहेत. गेज नसताना वाटेत अडलेल्यांनी पोस्टकार्डावर आणि ब्लेडच्या पात्यावर भागवले आहे, पण घरी परतल्यावर गेज लावण्याचा आळस करू नये. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसतशी फट कमी होत जाते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंगही मागे पडते. एका झिजेने ठिणगी दुबळीही होते आणि वेळ चुकवतेही.

काढलेला प्लग हा इंजिनाच्या आतून आलेला निरोप असतो. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर कोंदला आहे. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते पण पेटत नाही. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. आणि बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा खडखडीत निघाला, तर ठिणगीचा विचार बाजूला ठेवून पेट्रोलकडे वळावे.

कॉइलचा एक दोष हमखास चकवतो. थंड असताना ती बिनचूक काम करते. अर्ध्या तासाने तापली की आतले इन्सुलेशन दगा देते आणि चालती गाडी बंद पडते. बॉनेट उघडून मिस्त्री येईपर्यंत ती निवते आणि त्याच्यासमोर गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते. अशा वेळी गाडी बंद पडल्यापडल्या, कॉइल गरम असतानाच ठिणगी पाहणे हा एकच उपाय आहे.

जुलैमधली सकाळ

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरते आणि रात्रीच्या गारव्यात तिचे दव होते. उच्च दाबाच्या करंटला ओल्या पृष्ठभागावरची वाट प्लगपेक्षा सोपी वाटते. टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली, तारांवरचा ओलावा आणि तेलकट मळ काढला की बहुतेक गाड्या सुरू होतात. त्यासाठी पूर्वी टॅक्सीवाल्यांच्या सीटखाली एक कोरडे फडके कायम असे. पुसूनही भागले नाही तर टोपी उजेडात धरून पाहावी: पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून करंट रोज पळतो आहे आणि त्या रेघेत कार्बन बसला आहे. ती खरवडून जात नाही; टोपी बदलावी लागते. तारांची परीक्षा अंधारात घ्यावी. दिवे मालवून इंजिन चालू ठेवले की जीर्ण तारेवरून निळसर प्रकाश सरपटताना दिसतो.

चोक ओढताना

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त का लागते? कारण जळते ते पेट्रोल नसून पेट्रोलची वाफ असते. एरवी वजनाने सुमारे १५ भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरते. थंड धातूवर मात्र बरेचसे पेट्रोल थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून राहते, म्हणून उरलेल्याची वाफ पुरेशी व्हावी इतके मुळातच जास्त सोडावे लागते. ते काम चोकचे.

इथे एक सवय घात करते. सोलेक्स घराण्यातल्या ज्या कार्ब्युरेटरमध्ये सुरू करण्यासाठी वेगळा स्टार्टर भाग असतो, तो थ्रॉटल पूर्ण मिटलेला असतानाच नीट ओढ घेतो. चोक ओढून वर ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ मोडते आणि दाट मिश्रण येतच नाही. चालक जितका जोर लावतो तितकी गाडी हट्टाला पेटते. चोक पूर्ण ओढायचा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा, थोडे थांबायचे, परत मारायचा, ही त्या कार्ब्युरेटरची रीत.

आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून गेलेले असते. पंप कॅमशाफ्टवरून चालतो, म्हणून चेंबर भरेपर्यंत सेल्फ मारत राहावे लागते आणि तोवर बॅटरी दमते. पंपाला हाताने हलवायची पट्टी असेल तर ती आधी दहा-पंधरा वेळा हलवावी. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सुटी करून बाटलीत धरली आणि सेल्फ मारला की पंपाचा हिशेब कळतो: ठोक्याठोक्याने ठसठशीत पिचकारी आली पाहिजे. नुसता ओघळ आला तर डायफ्राम फाटला आहे, जाळी तुंबली आहे किंवा टाकीपासून येणारी नळी कुठेतरी हवा ओढते आहे. गरम इंजिनावर ही तपासणी करू नये.

पेट्रोल उलट जास्त झाले, गॅरेजच्या भाषेत गाडी 'ओव्हर' झाली, तर वास सांगतोच. मग चोक आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. पुष्कळ हवा आत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडते. ॲक्सिलरेटरवर पाय आपटत राहिले तर दर आपटीला आणखी एक पिचकारी आत जाते.

घाटमाथ्यावरचा चहा

एप्रिल-मेची दुपार, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा बोरघाट. गाडी दुसऱ्या गिअरवर रखडत वर येते, लोक चहाला उतरतात, आणि पंधरा मिनिटांनी ती सुरू होत नाही. हे दृश्य एका पिढीने अनेकदा पाहिले आहे. घाट चढताना इंजिन भरपूर तापते. बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, पण धातूत साठलेली उष्णता जात नाही. ती वर चढते आणि पंप, नळी, कार्ब्युरेटर सारे तापवते. म्हणून इंजिन बंद केल्यानंतरची दहा ते वीस मिनिटे सर्वांत वाईट. लगेच सुरू केली असती तर झाली असती, तासाभराने केली तरी होईल.

या उष्णतेने दोन विरुद्ध गोष्टी घडू शकतात. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली तर पंप निकामी होतो, कारण तो द्रव ढकलण्यासाठी बनलेला आहे. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. इंजिन उपाशी राहते. किंवा फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून जेटमधून आपोआप इंजिनात सांडते आणि गाडी ओव्हर होते. पहिल्यात प्लग कोरडे आणि वास नाही; दुसऱ्यात प्लग ओले आणि बॉनेट उघडताच वासाचा भपका. पहिल्यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. फडक्यातले पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जाते आणि आतली वाफ पुन्हा द्रव होते. त्यामागे चोख विज्ञान आहे. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वावर ते चालते. दुसऱ्यावर उपाय म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून धरणे. गरम गाडीला चोक मात्र दोन्ही प्रसंगी देऊ नये. आणि हे वारंवार होत असेल, तर नळी एक्झॉस्टच्या फार जवळून जाते आहे का, पंपाखालचे उष्णता अडवणारे जाड पॅकिंग कोणी काढून टाकले आहे का, हे पाहावे.

दाब आणि टॅपेट

करंट चांगला, पेट्रोल चांगले आणि तरीही सेल्फ कशालाच न अडता अगदी हलका फिरतो आहे असे वाटले, तर दाब मोजावा. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गेजवर आकडा घ्यावा. आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त बोलका असतो. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले आणि दाब वाढला, तर रिंगा गेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचे नाव आले की टॅपेट आधी पाहावेत. २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवी. शिसे गेले, ते आरोग्याच्या दृष्टीने फारच चांगले झाले. पण जुन्या, मऊ बैठकीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले आणि टॅपेटची फट मिटत गेली. फट मिटली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट करकर वाजत नाहीत म्हणून खूश होणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे: मुके टॅपेट करकरणाऱ्यांपेक्षा धोक्याचे.

चेतक आडवी का करायची

आकुर्डीत १९७२पासून बनलेल्या बजाज चेतकने महाराष्ट्राच्या सकाळींना एक खास हालचाल दिली: स्कूटर कुशीवर झुकवायची, उभी करायची आणि किक मारायची. तिलाही कारण आहे. आडवी केल्यावर फ्लोट आपली जागा सोडतो, चेंबरमधले पेट्रोल जेटवरून थेट इंजिनाच्या वाटेवर सांडते आणि चोकने जमले नाही ते दाट मिश्रण क्षणभर मिळते. पण हे रोज करावे लागत असेल तर चोकची केबल सैल आहे किंवा जेट कोंदला आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. स्कूटर उभी राहिली की पेट्रोल उडते, तेल मागे राहते, आणि पहिल्या किकला प्लगवर तेच पोचते. म्हणून डिकीत जादा प्लग आणि प्लगपाना. रात्री पेट्रोलचा कॉक बंद केला तर गळक्या फ्लोट-सुईतून क्रँककेस भरत नाही. भरलीच तर प्लग काढून, कॉक बंद ठेवून दहा-बारा किका माराव्यात. सारे करूनही दाद मिळाली नाही तर सायलेन्सर पाहावा. तेलाच्या काजळीने तो कोंदला की जळका वायू बाहेर जात नाही आणि ताजे मिश्रण आत येत नाही.

डिझेलची गोष्ट वेगळी

महिंद्रच्या जुन्या डिझेल जीपला प्लगची ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. थंडीत त्या उष्णतेला हीटर प्लगचा टेकू लागतो. निदान धुरावरून होते. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही: हीटर प्लग किंवा दाब पाहावा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, बहुधा लाइनने हवा धरली आहे. टाकीकडच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस संपेपर्यंत हातपंप मारावा, आणि मग हवा शिरली कुठून ते शोधावे.

नळ्या, रबर आणि इथेनॉल

अलीकडे जुन्या गाड्यांच्या तक्रारींत एक नवे कारण शिरले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत चोक जास्त वेळ धरावा लागतो. आणि त्याला जळायला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटमधून आलेले मिश्रण पातळ पडते. गरज भासल्यास एक माप मोठा जेट घालावा. इथेनॉल पाणीही शोषते. महिनोन् महिने उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि सेल्फ मारल्यावर सर्वांत आधी तेच पंपात येते. जुन्या रबराचे डायफ्राम आणि नळ्या त्याने फुगतात, चिकट होतात, त्यांचे काळे कण जेटमध्ये अडकतात. अशा गाडीच्या सगळ्या नळ्या, डायफ्राम आणि पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घालून घ्यावे, पंपानंतर पारदर्शक फिल्टर लावावा आणि गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, पॉइंट, कॉइल आणि जेट एका दुपारी बदलून गाडी सुरू झालीही, तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि तो परत आला की शोध पहिल्यापासून करावा लागतो. दुपारी गॅरेजमध्ये, गरम इंजिनावर सुरू झालेल्या गाडीची दुरुस्ती तेव्हा पूर्ण धरू नये. ती रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी चोक ओढून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून, किल्ली फिरवून पाहावी.